सर्वांत पातळ द्रावणापाशी

फुली सरांना घाई सोसत नसे. वर्गात कुणी चटकन उत्तर दिले की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "एवढ्या लवकर? सांडलं तर नाही ना काही?" कागदावर पेन्सिलने फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचे, त्यात हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण आणि वरून आम्ल. द्रावण दुधासारखे गढूळ होत जाते आणि खालची फुली दिसेनाशी होते. बारावीचा हा प्रयोग त्यांचा इतका लाडका, की नांदुऱ्यात त्यांचे खरे आडनाव कुणाला आठवतच नसे.

पाच चंचुपात्रे ओळीने असत. पहिल्यात द्रावण दाट, पुढे प्रत्येकात पाणी वाढवलेले. पहिल्यातली फुली बघता बघता जाई, शेवटच्यातली जाता जात नसे. सर स्टूल ओढून नेमके शेवटच्यापाशी बसत. "कण कमी, तर भेटी कमी. भेटी कमी, तर काम हळू. पण म्हणून त्याले सोडून जाऊ नये," हे त्यांचे ठरलेले बोलणे. पाण्याबाबत मात्र भलतेच हट्टी. आमच्याकडचे पाणी खारे, त्यातले क्षार थोडे आम्ल परस्पर खाऊन टाकतात, म्हणून ते बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचा कॅन सायकलला बांधून आणत. दुकानदार थट्टा करी, "सर, किती बॅटऱ्या हायेत तुमच्या शायेत?"

माझ्या वर्षी शास्त्र शाखेचा पट भरलेला होता, वर्ग रिकामा. नावे इथे आणि मुले अकोल्याला नाहीतर लातूरला शिकवणीत. माझे बाबा अडतीवर मापारी. आमच्या घरात शिकवणीचा विषयच निघाला नाही. प्रयोगशाळेत मी एकटी. पहिल्याच दिवशी सरांनी पाचही पात्रे मांडली, एकेका पात्राला गैरहजर मुलाचे नाव दिले आणि या पात्रापासून त्या पात्राकडे स्वतःच धावत राहिले. मला आधी हसू आले, मग रडू.

दिवाळीनंतर बाबा शाळेत आले. "जयभीम सर. एकटी पोरगी येऊन राह्यली, दुसरं कोणी नाही. लोकं बोलून राह्यले. तिचं नाव काढून टाका."

मी दारात उभी होते. आपले शिक्षण इथेच संपले, एवढेच मला कळत होते. सर रागावले नाहीत. "जयभीम. बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "सोमवारपासून एकटी नाही राहणार ती."

सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात खुर्ची टाकून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. प्रयोगाचा उग्र वास सुटला तशा त्या ठसकत म्हणाल्या, "अहो, हा कोणता मसाला परतून राह्यले तुम्ही?" पण आठवडाभरात पहिले पात्र त्यांनी स्वतःकडे घेतले. "गेली वं, गेली!" असे ओरडत, की शेजारच्या वर्गातून मास्तर डोकावत. मधली पात्रे माझी, शेवटचे सरांचे. वर्ष असे तिघांत गेले. बाबा पुन्हा काही बोलले नाहीत. एकदा काकूंना निवडायला त्यांनी अडतीवरून डाळ मात्र पाठवली.

मी पास झाले आणि शाखा बंद पडली. प्रयोगशाळेत पोषण आहाराचे तांदूळ आले, सरांना आठवी-नववीला पाठवले. मी पुण्याला निघाले तेव्हा ते स्टेशनवर आले होते. गाडी हलता हलता म्हणाले, "तुह्यासारखं एखादं आलं, की पाठवतो तुह्याकडं."

आता मी पुण्यात रसायनशास्त्रच शिकवते. वर्ग खचाखच भरलेला असतो आणि त्यात माझ्या बोलीचे कुणी नसते. दर जूनमध्ये मी सरांना फोन करी. "यंदा आलं का कोणी, सर?" "पाहून राह्यलो," एवढेच ते म्हणत. निवृत्तीनंतरही प्रवेशाच्या दिवसांत ते शाळेच्या फाटकापाशी जाऊन बसतात, हे मला काकूंकडून कळे. माझ्या जिवाला ते लागे.

गेल्या हिवाळ्यात काकूंचाच फोन आला. "सर गेले वं पोरी." मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी एकच सांगत होते. तिले सांगजो म्हने, कोणी मिळालं नाही."

"हो काकू," मी म्हटले. फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवत नव्हते.