कोपऱ्यातली सहावी

भुताखेतांचे अनुभव इथं बरेच जण लिहितात, आणि खरं सांगते, मी ते जेवताना तोंडी लावायला वाचायचे. लासुर्ण्याच्या एका दूध संकलन केंद्रावर मी फॅट तपासते. मशीन दाखवेल तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते... असो, सांगूनच टाकते.

मी वालचंदनगरच्या कॉलनीत राहते आणि आमच्या बायकांच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते. वय सदतीस, गुडघे पन्नाशीचे. त्या वर्षी माझ्या जागेवर एक विशीतली पोरगी घेणार, अशी कुजबुज सुरू होती. मला जागा सोडायची नव्हती. आठवड्यातले तेवढे दोन तासच माझे स्वतःचे असतात हो! आमचे कोच तात्या म्हणजे कारखान्यातून रिटायर झालेले टर्नर. त्यांना म्हटलं, "तात्या, आता पळणं होत नाही. काय करू?"

"मग बघायला शीक. बारामतीला जा, कॉलेजच्या पोरी कशा खेळत्यात त्ये बघ. पर बॉलकडं बघायचं न्हाय, त्यो समद्यांनाच दिसतो. जिच्याकडं बॉल न्हाय, तिच्याकडं बघ."

माझी भाची ऋतुजा तिथल्याच एका कॉलेजच्या टीममध्ये आहे. रविवारी तिच्या मॅचला गेले. दुपारचे तीन, उघडं सिमेंटचं कोर्ट, डोळे दिपवणारं ऊन. पायरीवर बसले आणि मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात नजर लावली. तिथं ऋतुजासारख्याच हिरव्या जर्सीतली एक मुलगी होती.

काय खेळत होती! म्हणजे — बॉल तिच्याकडे एकदाही आला नाही. पण गुडघे वाकलेले, तळवे उघडे, समोरचीची मान वळली की दोन पावलं आत, परत बाहेर. पळणं जवळजवळ नाहीच. मला वाटलं, अरे, हे तर मलाही जमेल! अख्खा हाफ मी तिलाच बघत होते. बसल्या जागी माझे पाय तिच्याबरोबर हलत होते. तिनं हात वर केला की माझाच जीव तुटायचा. द्या की गं हिला कुणीतरी पास!

हाफटाइमला सगळ्या मुली पाणी प्यायला आल्या. ती आली नाही. तिथंच उभी, हात वर करून. खेळ परत सुरू झाल्यावर मी कोर्टावरच्या हिरव्या जर्सी मोजल्या; एका टीमच्या पाचच हव्यात. सहा. परत मोजल्या... सहाच. पंच, स्कोअर लिहिणारा, कुणालाच त्याचं काही नाही. आणि तेव्हा तिनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

मॅच संपल्यावर ऋतुजाला विचारलं, "ती कोपऱ्यातली कोण गं?"

"मावशी, तिथं आमचं कुणी थांबतच नाही. तो कोपरा मोकळा सोडायचा, असं सीनियर मुलींनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"का?"

"कुणास ठाऊक. मी नाही विचारलं."

ऊन लागलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या रविवारी सकाळी आमच्या कोर्टावर निवडीची मॅच होती. मी अगदी तिच्यासारखी खेळले. दोन पावलं आत, परत बाहेर. दर वेळी मी मोकळी! हात वर केला. पास नाही. पुन्हा केला. नाही. मग ओरडले, "सुनंदा, इकडं!" सुनंदा माझ्यासोबत आठ वर्षं खेळतेय. दहा फुटांवर होती, तोंड माझ्याकडे, पण नजर माझ्या पलीकडे. समोरच्या टीमचीही कुणी मला अडवायला येईना. मी इतकी घाबरले की कोर्टावरच रडायला लागले, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. शिट्टी झाली तेव्हा सुनंदा माझ्यावर आदळली आणि दचकली. "अगं, होतीस कुठं? मघापासनं आमी चौघीच खेळतोय!"

मी तात्यांकडे धावले. "तात्या, तुम्हाला तरी दिसत होते ना?"

"व्हय की. मी कुठं बॉलकडं बघतो?" मग म्हणाले, "पर तुझ्या शेजारी ती हिरव्या जर्सीतली पोरगी कोण हुती गं?"

तात्यांनी मला टीममध्ये ठेवलं. आता मी कोपऱ्यात थांबत नाही, सतत ओरडत खेळते. बायका मला भोंगा म्हणतात, म्हणू देत. बारामतीला पुन्हा गेले नाही. हे काय होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाला असं काही ठाऊक असेल तर कृपया लिहा, कारण मला खरंच भीती वाटतेय.

परवाच्या रविवारी सुनंदानं मला पास दिला. तो माझ्या उजवीकडे, हातभर अंतरावरून निघून गेला. मी चिडले, तर तीच माझ्यावर डाफरली, "तूच तर तिथनं हात वर केला हुतास!"

माझे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.