डावा गुडघा आणि खोपोलीचा रस्ता

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूध पातळ लागलं की मी आधी गवळ्याकडे पाहायचो, मग म्हशीकडे. पोलीस भरतीसाठी पळायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात डावा गुडघा ठणकू लागला, तेव्हा माझा पहिला संशय गेला शेजाऱ्यावर. तोही त्याच भरतीला उतरणार होता. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबाच म्हणवायचा. जागा थोड्या होत्या, आणि पुढच्या भरतीपर्यंत माझं वय उलटून जाणार होतं. मला ही एकच संधी होती.

रोज पहाटे मी कर्जतहून खोपोलीच्या रस्त्याने पळसदरीच्या फाट्यापर्यंत पळत जायचो आणि पळत परत यायचो. शाळेत शिकवल्याप्रमाणे कायम रस्त्याच्या डाव्या बाजूने. घरी आलं की उकिडवं बसता येत नसे. आईने निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला, हळदीचा लेप लावला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पळून आलो की पुन्हा तेच. आई म्हणायची, दृष्ट लागली. कुणाची, ते मला ठाऊक होतं. नाहीतर त्याचेच गुडघे एवढे ठणठणीत कसे?

एक दिवस तो विहिरीवर भेटला. मला लंगडताना पाहून म्हणाला, "डावाच दुखतो ना रं? मला बी गेल्या साली हेच झालेलं. डांबरी रस्ता मधी उंच, कडंला उतरता. तू जाताना बी डावीकडनं, येताना बी डावीकडनं. तुझा डावा पाय कायम खालीच पडतो. ज्या कडंनं गेलास, त्याच कडंनं परत ये. आनि आधी चार दिवस नुसता चाल."

मी सावध झालो. त्याच कडेने परत यायचं म्हणजे खोपोलीच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक अंगावर घ्यायचे. चार दिवस पळायचं नाही म्हणजे दम घालवायचा. एका सल्ल्यात दोन सापळे!

पण पुढे पायरी चढणंही जड झालं, तेव्हा नाइलाजाने चार दिवस नुसता चाललो. मग त्याने सांगितलं तसा पळू लागलो. ट्रक समोरून यायचे, पण निदान दिसायचे तरी. मी खाली मातीत उतरायचो. दोन आठवड्यांत दुखणं गेलं.

"कसा हाय गुडघा?" तो भेटला की विचारायचा.

"नाय रं, तसाच हाय," मी मुद्दाम लंगडत सांगायचो. बरा झालो हे कळलं तर हा नवा डाव टाकेल, याची मला खात्री होती.

अलिबागच्या मैदानावर आम्ही एकाच तुकडीत धावलो. शेवटच्या फेरीत तो पुढे होता आणि सारखा वळून मागे पाहत होता. अंतर मोजतोय, मी मनात म्हटलं. मग त्याने वेग कमी केला. मी जवळ पोचताच धापा टाकत म्हणाला, "गुडघा सांभाळ. माझ्या मागं मागं ये, थोडंच ऱ्हायलंय."

मी त्याच्या बाजूने सुसाट निघून गेलो.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. त्याचं नव्हतंच.

त्यानंतर तीस वर्षं मी लोकांवर संशय घेण्याचाच पगार खाल्ला. पण त्या दिवसाइतकी माझी लाज मला कधी वाटली नाही. परतीच्या एस.टी.त तो माझ्याशेजारीच बसला. कर्जत जवळ आलं तसा त्याने माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पळताना लई दुखलं का रं?"

"थोडं," मी म्हटलं.