सरांच्या चिठ्ठीवरचा दगड

कलिंगड असो, भिंत असो, नाहीतर माझं टक्कल, मॅडम आधी बोटानं टकटक करायच्या आणि म्हणायच्या, “मामा, वरचं ऱ्हाऊ द्या. आत काय हाय ते बोला.”

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. त्यांचं गाव सास्तूर. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली तेव्हा त्या रांगत होत्या. पुढं शिकल्या तेही जमिनीच्या पोटातलंच, पण कुठल्या जमिनीच्या? दुसऱ्याच सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या!

“तितं कोण जाऊन बगनार?” मी विचारलं.

“जायचं कशाला? तापलेल्या खडकाची धग दुर्बिणीला कळती. इथला दगड तापवून तशीच धग निघाली, की समजायचं तिथंबी असाच खडक.”

तो इथला दगड म्हणजे वडिलांनी विहीर खणताना काढलेला काळा फत्तर. शिकत असताना मॅडमनी तो कापून दोन केला. अर्धा तपासणीला गाईडकडं, अर्धा स्वतःकडं. चार वर्षं राबल्या. आणि त्यांच्या गाईड सरांनी सगळं काम स्वतःच्या नावानं छापलं. दगडाच्या फोटोसकट! मॅडमचं नाव कुठंच नाही. याला हलकटपणा नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तेव्हापासून तो अर्धा दगड त्यांच्या पर्समध्ये. एसटीतसुद्धा मांडीवर. “एवढं वझं कशाला वागवता?” म्हटलं, तर म्हणायच्या, “कामाला यील. मला माझं नाव पायजे, मामा.”

आणि आला की! तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी व्याख्यानाला नेमके तेच सर बोलावले. त्यांच्या चहात मी साखर घातली नाही. मुद्दाम.

पडद्यावर दगडाचा फोटो आला. मॅडम उठल्या. “सर, हा नमुना कुठला?”

सर अडखळले. “परदेशातून मागवलेला.”

मॅडम सरळ पुढं गेल्या आणि पर्समधला दगड टेबलावर ठेवला. फोटोतल्या तुकड्याच्या कडेला अर्धी खाच होती, आणि उरलेली अर्धी या तुकड्यावर.

“सास्तूरचा हाय, सर. आमच्या विहिरीतला. ही खाच माझ्या बापाच्या पहारीची.”

सरांचा चेहरा पडला. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी पाणी मागितलं. मी जागचा हललो नाही.

दोन्ही तुकड्यांचे फोटो मॅडमनी छापणाऱ्यांकडं पाठवले. चौकशी झाली आणि त्या कामावर आता पहिलं नाव त्यांचं आहे. त्याच नावावर परदेशात नोकरी लागली. जाताना माझ्या टकलावर टकटक करून म्हणाल्या, “आत चांगला माणूस हाय.” आपला अर्धा दगड त्या सोबत घेऊन गेल्या.

महिन्याभरानं सरांकडचा अर्धा कुरिअरनं आला, माफीच्या चिठ्ठीसकट. मॅडमना फोन लावला.

“दगड तुमच्यापाशी ठेवा, मामा. चिठ्ठी फाडून टाका.”

दगड ठेवला. चिठ्ठी फाडली नाही. ती प्रयोगशाळेच्या टेबलावर त्याच दगडाखाली आहे. दर वर्षी नवा वर्ग आला की मी आधी दगडावर टकटक करतो, आणि मग चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवतो. सरांच्या नावासकट.