आधी तेल, मग दिवा

डॅशबोर्डवर लागलेला सर्व्हिसचा पिवळा दिवा भावाला दिसला असता तर आमच्या पत्रकांच्या मोहिमेसाठी त्यानं पुन्हा त्याची गाडी दिली नसती. मालवणात एक टॅक्सीवाली घरच्या घरी तो दिवा घालवते असं कळलं, म्हणून थेट तिच्या अंगणात गाडी घातली.

“काकी, फक्त दिवा घालवा. घाई आहे.”

तिनं बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली आणि बोटावर तेल चोळून पाहिलं. डांबरासारखं काळं.

“दिवो धा सेकंदात जातलो रे. इंजिनाक तुझी घाई कशी सांगू? तेल हाड, बदलून दितंय.”

आधी तेल आणायला सांगते म्हणून मी खेकसलो. खड्ड्यांवर माती ओढणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध पत्रकं वाटायला निघालेला मी! ती शांतपणे बोट पुसत राहिली.

दिवा तसाच घेऊन परतलो आणि संध्याकाळी भावाला खरं सांगितलं. त्यानं चावी काढून घेतली. आता पत्रकं एसटीनं नेतो. तिचा राग अजून येतो. तिला खोटं मात्र ठरवता येत नाही.