संजीवनीबाई शेवटपर्यंत बसतात

चौतीस वर्षं मुंबईच्या विधान भवनात काढूनही संजीवनीबाई पोंक्षे यांनी एकही चर्चा शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. आता कुणाला वाटेल, बाई डुलक्या काढत असतील. छे, तसं मुळीच नाही. त्या प्रतिवेदक होत्या, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं ते लघुलिपीत शब्दन् शब्द उतरवून घेणाऱ्या. दहा मिनिटं लिहायचं, दुसरीने जागा घेतली की उठायचं आणि आपली दहा मिनिटं टाइप करायला पळायचं. तोवर सभागृहात कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, मंत्र्यांनी शेवटी काय उत्तर दिलं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळायचं.

सवय अशी हाडीमाशी खिळली की घरीही तेच. कुणी गप्पांना आलं की दहाव्या मिनिटाला बाई उठल्याच. त्यांचे यजमान विश्वासराव म्हणायचे, "आमच्या हिच्या सत्यनारायणात साधुवाण्याची नौका बुडालेलीच राहते, वर काही येत नाही." शिवाय नोकरीचं एक पथ्य त्यांनी घरातही पाळलं. लिहून घेणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. मग ते भाजीत मीठ कमी पडण्याबद्दल असो की मुलाच्या लग्नाबद्दल.

विश्वासराव गेले आणि बाई सिंगापूरला मुलाकडे आल्या. मुलगा सौमित्र बँकेत, सून अनुया अकाउंटंट, बुओना व्हिस्टाला कॉन्डोत घर. दोघांनी इथलं नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून नातू आर्यन शाळा संपल्यावर इथल्या सगळ्या मुलांसारखा दोन वर्षांसाठी सैन्यात गेला. ती दोन वर्षं आता संपत आली होती. बजेट जाहीर झालं तेव्हा सौमित्र नाश्त्याला अगदी खुशीत होता. "संरक्षणाला घसघशीत दिलंय. द्यायलाच हवं. एवढासा देश, सैन्याशिवाय कसा टिकणार?" आर्यन घरीच होता. तो मान खाली घालून टोस्ट खात राहिला.

मार्चमध्ये आर्यनला एक दिवस रजा मिळाली आणि तो आजीला पार्लमेंट दाखवायला घेऊन गेला. त्या दिवशी संरक्षण खात्याच्या खर्चावर चर्चा होती. पासपोर्ट दाखवून, फोन जमा करून दोघं वर गॅलरीत बसली. एका सदस्याने उभं राहून सुचवलं की या खात्याच्या रकमेतून शंभर डॉलर कमी करावेत.

"अगं बाई, इथेही शंभरच!" संजीवनीबाईंना हसू आवरेना. मुंबईत शंभर रुपयांच्या कपात सूचना त्यांनी पोत्याने लिहिल्या होत्या. कपात कुणालाच नको असते. बोलायची संधी हवी, म्हणून आपला शंभराचा चिमटा काढायचा. दाराजवळच्या रखवालदाराने डोळे वटारले तेव्हा त्या गप्प झाल्या.

दहा मिनिटं झाली आणि बाईंचे पाय आपोआप उठले. आर्यनने पदर धरून खाली बसवलं. "आजी, सिट लाह," तो इथल्या इंग्लिशच्या ढंगात म्हणाला. "अजून खूप आहे."

मग त्या बसल्या. कुणी राखीव जवानांच्या वार्षिक ट्रेनिंगबद्दल विचारलं, कुणी निवृत्त सैनिकांच्या दवाखान्याबद्दल, एकाने तर जेवणाबद्दल. मंत्र्यांनी शेवटी एकेकाला उत्तर दिलं. तीन तासांनी बाई बाहेर आल्या त्या काशीला जाऊन आल्यासारख्या. साधुवाण्याची नौका एकदाची वर आली होती.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहा घेताना आर्यन म्हणाला, "आजी, आता माझं पण शेवटपर्यंत ऐकशील?" आणि मग तो मराठी-इंग्लिशची भेळ करत बोलत राहिला. त्याला सैन्यातच राहायचं होतं. दोन वर्षं संपल्यावर युनिव्हर्सिटी, मग बँक, हा बाबांनी आखलेला रस्ता त्याला नको होता. मागच्या वर्षी लांबच्या पायी संचलनाला निघाले असताना त्याच्या तुकडीतला एक मुलगा उन्हाने कोसळला. सगळे गोंधळले आणि हा एकटा शांत राहिला. "तेव्हा फर्स्ट टाइम मला वाटलं, मला काहीतरी येतं." महिनाअखेरीस कायम भरतीच्या करारावर सही करायची होती. आईबाबांना अजून पत्ता नव्हता. "शनिवारी सांगणार. तू फक्त समोर बस. उठू नकोस."

शनिवारी रात्री जेवताना त्याने सांगितलं. मग सौमित्र सुटला. एवढं शिकवलं ते कशासाठी, लोक काय म्हणतील, वगैरे. आर्यन शांतपणे म्हणाला, "पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, सैन्य हवंच?"

"हवंच! पण त्यासाठी माझाच मुलगा कशाला?"

"मग कुणाचा?"

कोंडीत सापडला की माणूस भलतंच बोलतो. सौमित्र जे बोलला ते ऐकून अनुयाने हातातला डाव खाली ठेवला. आर्यन ताटावरून उठला आणि एरवी रविवारी संध्याकाळी जायचा तो सकाळीच कॅम्पला निघून गेला. तो ताटावरून उठला तेव्हा संजीवनीबाई जागेवरच होत्या. त्यांच्या हातात वीजबिलाचं पाकीट होतं आणि त्यावर लघुलिपीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. हात आपला चाललाच होता.

तीन दिवस पोराने फोन उचलला नाही. बुधवारी सौमित्र आईच्या खोलीत येऊन बसला. "एवढं काय बोललो मी? म्हटलं, नीट विचार कर. बस."

अशी तोंडं संजीवनीबाईंनी ढिगाने पाहिली होती. भाषण ठोकून झाल्यावर आमदार हळूच यायचे, म्हणायचे, बाई, मी असं म्हटलंच नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पाकीट वाचून दाखवलं. "'जा. तू माझा मुलगा नाहीस असं समजतो मी. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस.'"

सौमित्र म्हणाला, "फाडून टाक ते."

"फाडते. कामकाजातून काढून टाकायचा अधिकार असतो अध्यक्षांना. पण समोर बसलेल्याच्या कानातून कसं काढणार?" असं म्हणून त्या थांबल्या. एरवी इथेच त्या उठल्या असत्या. "आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तू सिंगापूरला निघालास तेव्हा तुझे बाबा असंच बोलले होते. याच शब्दांत. तुला तोंडपाठ आहे ते. म्हणून तू पाच वर्षं घरी आला नाहीस. मी तेव्हा तिथेच बसले होते, आणि एक अक्षर बोलले नाही. फार मोठी चूक केली मी. ते तुझ्यावर जीव टाकत होते रे, पण त्यांना मागे फिरता आलं नाही, आणि मी त्यांना फिरवलं नाही. आर्यनला जाऊ दे असं माझं मत आहे. पण तू त्याला पटव नाहीतर अडव, त्याच्याशी बोल मात्र."

सौमित्र रडला. चांगला पन्नाशीचा घोडा, आईच्या पलंगावर बसून रडला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही रडल्या.

शुक्रवारी आर्यन कुठे उतरेल, घरी येईल की मित्राकडे जाईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. अनुयाने त्याला नुसता मेसेज टाकला होता, बाबा स्टेशनवर आहेत. सौमित्र बुओना व्हिस्टाच्या एमआरटी, म्हणजे मेट्रो, स्टेशनच्या दाराशी सात वाजल्यापासून उभा राहिला. एकट्याला धीर होईना म्हणून आईला घेऊन आला होता. पावणेनऊला हिरव्या गणवेशातला आर्यन पाठीवर बॅग घेऊन बाहेर आला. बापाला पाहून तो चार पावलांवरच थांबला.

सौमित्र पुढे झाला. घरून चांगलं लांबलचक पाठ करून आला होता, त्यातलं काही सुचेना. शेवटी एवढंच म्हणाला, "शनिवारचे शब्द मी मागे घेतो."

हे वाक्य संजीवनीबाईंनी चौतीस वर्षांत हजार वेळा तरी लिहिलं असेल. खरं वाटलं ते याच वेळी.