हवा कुणी काढली

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही. सायकलवरून ते मोटारसायकलवर आले आणि तिथंच थांबले. पण माझ्या शेजारी बसले की ब्रेक तेच दाबतात, पायाखालच्या मॅटवर. तिथं मॅट पार झिजलीय. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. टायर झिजले तेव्हा मात्र ठपका माझ्यावर आला.

मी लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. बीडहून रोज घाट चढायचा. आधी जीपमध्ये जायचे, मागच्या बाकड्यावर, कुणाची तरी शेळी गुडघ्याला खेटून. पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकले. खोटं कशाला बोलू, त्या स्टिअरिंगनं दिला तेवढा आनंद मला लग्नातल्या शालूनं दिला नव्हता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या डोक्यात हवा गेलीय. गेली तर गेली. तुमच्या बापाचं काय जातंय?

यंदा सकाळच्या शाळा सुरू झाल्या, ऊन तापायला लागलं. एके दिवशी गाडी धुताना मालक पुढच्या चाकापाशी वाकले आणि ओरडले, "अगं, हे काय करून ठेवलंस!" पुढच्या दोन्ही टायरांचे काठ गुळगुळीत झाले होते. अजून दोन वर्षं तरी चालायला हवे होते ते. "घाटात वळणावर कशी फिरवतीस गाडी? बाईच्या हातात दिल्यावर हेच व्हायचं."

"बाईच्याच हातचं खाता ना इतकी वर्षं? तुमचं पोट कुठं झिजलं मग?" मी म्हटलं.

ते पुन्हा गाडी धुवायला लागले. पण संध्याकाळी ओळखीतला एक ड्रायव्हर ठरवूनच घरी आले. सोमवारी सकाळी येणार होता. म्हणजे सोमवारपासून मी पुन्हा मागं, पर्स मांडीवर घेऊन, खिडकीतून बाहेर बघत. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच संताप आला.

रविवारी गाडी काढली आणि नाक्यावरच्या चाचांचं दुकान गाठलं. वाकडी झालेली चाकं मशीन लावून सरळ करायची, हा त्यांचा धंदा. त्यांनीही तेच तुणतुणं लावलं, "मॅडम, वळणावर लई जोरात मारता काय?"

"चाचा, मशीन हाय ना तुमच्याकडं? मग मशीनला विचारा."

मशीननं सांगितलं, चाकं अगदी सरळ. चाचा टोपी मागं सारून डोकं खाजवायला लागले. मी खाली बसले आणि टायरवर तळवा फिरवला. आतला काठ गुळगुळीत, बाहेरचाही गुळगुळीत. मधल्या खाचा मात्र बोटाला चांगल्या लागत होत्या. अगं बाई! ही तर नव्या सुनेची भाकरी, काठ पातळ आणि मध्ये जाड.

"चाचा, वळणानं झिजलं असतं तर बाहेरचाच काठ जास्त गेला असता. दोन्ही सारखेच गेलेत. टायर मधून पोट आत घेऊन चालतंय. हवा कमी हाय."

चाचांनी हवा मोजली. चारही चाकांत कमी, फार कमी. मी तर शुक्रवारीच पंपावर भरून घेतली होती, आणि दर वेळी पंपावर गेले की कमीच निघायची. चाचांनी साबणाचं पाणी लावून बघितलं. एकसुद्धा बुडबुडा आला नाही.

"पंक्चर न्हाई मॅडम. कुणीतरी काढतंय," चाचा म्हणाले. "उन्हाळ्यात सांभाळा. हवा कमी असली की टायर जास्त तापतो आणि फुटतो."

त्यांनी हवा भरून दिली. घरी येताना मी गल्लीतलं एकेक घर डोळ्यांपुढं आणलं. कुणाच्या पोटात माझी गाडी एवढी दुखत असेल?

सोमवारी पहाटे नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आलं की झोप सोडावीच लागते. मोटर लावायला अंगणात गेले तर फुस्स असा आवाज. आमचे मालक पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, हातातला खिळा वॉल्व्हच्या तोंडात दाबून.

"अहो!"

ते दचकले, खिळा खाली पडला. "उन्हाळा हाय," ते म्हणाले. "उन्हानं हवा फुगती. आमचे वडील बैलाच्या टायरगाडीचीबी काढायचे. सगळेच काढतेत."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू काढू दिली असतीस?"

चाचा काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं. कमी हवेनंच टायर फुटतो, हे ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की भांडायचं माझ्या मनातच राहिलं. गेल्या उन्हाळ्यापासून ते हेच करत होते.

"तू शाळेत पोचल्याचा फोन येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई," ते खालीच बघत म्हणाले. "म्हणून ड्रायव्हर. टायरचं काय, दुसरे आणता येतेत."

माझा राग होता तिथंच होता, पण आता तो कुठं ठेवावा ते कळेना. एवढी वर्षं संसार केला, पण हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी खिळा उचलला आणि पदराला पुसला. उगाचच.

तेवढ्यात फाटक वाजलं. ड्रायव्हर आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मालक गुडघ्यावर हात टेकून उठले.

"भाऊ, बसा, चहा घेऊन जावा," ते म्हणाले. "ड्रायव्हर हाय आमच्याकडं."

त्या दिवशी ते माझ्याबरोबर निघाले. पंपावर खाली उतरून, "चारीत पूर्ण भर," असं त्यांनी स्वतः सांगितलं. मग शेजारी बसले आणि घाट संपेपर्यंत मॅट दाबत राहिले.