साडूभाऊंचा रॉ-जेपेगचा घोळ

"हिरवा!" साडूभाऊ ओरडले, डावा हात हँडलवरून काढून खांद्याच्या रेषेत समोर ताणला आणि उरलेल्या एका हाताने स्कूटर जळगावच्या भर चौकात घातली. अशा वेळी मागे बसलेल्या माणसाने तोच रंग तेवढ्याच मोठ्याने परत म्हणायचा असतो. तशी आमच्यात शिस्त आहे. मी तोंड उघडलंही होतं. पण आवाज निघायच्या आत माझ्या लक्षात आलं की या चौकातला सिग्नल गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. साडूभाऊंना जो हिरवा दिसला तो सिग्नलचा नव्हता, त्यामागच्या साड्यांच्या दुकानाच्या पाटीचा होता. तोवर डावीकडून केळीचे घड लादलेला ट्रॅक्टर, उजवीकडून शिरपूरची बस आणि समोरून एक म्हैस असे तिघे आमच्यावर चालून आले. म्हैस समजूतदार निघाली, ती थांबली. ट्रॅक्टरवाला कचकन ब्रेक मारून म्हणाला, "ओ काका, घरी सांगून निघाले ना?" साडूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मागे वळून मला म्हणाले, "असिस्टंट, रंग का नाही म्हटला?"

सातपुड्याच्या अलीकडे आमच्या साडूंइतका स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारा आणि त्याच डोळ्यांनी इतका फसवलेला दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी केळीच्या पानावर लिहून द्यायला तयार आहे. माणूस मूळचा धुळ्याकडचा, नोकरी भुसावळला, रेल्वेत. अख्खी हयात मालगाडीचं इंजिन हाकलं. इंजिनात असा नियम की सिग्नल दिसला की ड्रायव्हरने हात दाखवून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि असिस्टंटने तो परत म्हणायचा, म्हणजे दोघांनी एकच पाहिलं याची खात्री. साडूभाऊ रिटायर झाले, पण हा नियम झाला नाही. बाजारात ते टोमॅटोच्या ढिगाकडे हात करून "लाल" म्हणतात आणि भाजीवाली "लाल" म्हणेपर्यंत पिशवी पुढे करत नाहीत. भुसावळच्या बाजारातल्या निम्म्या भाजीवाल्या आता रेल्वेच्या परीक्षेला बसल्या तर पास होतील. डोळ्यांच्या बाबतीत तर त्यांच्या बढाईला ब्रेकच नाही. रेल्वेच्या डॉक्टरने दर तपासणीत पास केलेला ए-वन डोळा. नांदगाव सोडलं की मनमाडचा सिग्नल त्यांना दिसायचा म्हणे, आणि एकदा चाळीसगावच्या फलाटावर उभ्या असलेल्या स्टेशनमास्तरच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी त्यांनी पाचोऱ्याहून पाहिली होती. मध्ये डोंगर नाही, हे त्यातलं एकमेव खरं.

पण अलीकडे या ए-वन डोळ्यांनी घोळ घालायला सुरुवात केली होती. रावेरला चुलतभावाच्या मळ्यात गेले तर घडांकडे बघून त्याच्यावरच उखडले, "अरे, झाडावर पिकवलं बठ्ठं, सगळंच्या सगळं. दिल्लीला काय साली पाठवशील?" घड हिरवेगार होते. चुलतभाऊ बिचारा घडाला हात लावून लावून बघत राहिला, आपल्यालाच काही झालं की काय म्हणून. मग भाच्याच्या लग्नात तर कहर. अक्कांसाठी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीसाठी, त्यांनी स्वतः दुकानात जाऊन बदामी रंगाची साडी आणली. अक्कांनी घडी उलगडली तर साडी पांढरी फेक. नवरा शेजारी धडधाकट उभा, कपाळाला गंध लावून, आणि बायकोला लग्नात नेसायला पांढरी साडी. अक्कांनी साडी परत घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "तुम्हाला सगळं पिवळसर दिसत असणार."

साडूभाऊ म्हणाले, "डॉक्टर, खान्देशात ऊनच इतकं आहे. पिवळंच दिसणार."

ऑपरेशन सोपं आहे, पण उगाच लांबवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडूभाऊंनी मान डोलावली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांच्यातला धुळेकर जागा झाला. "माले बठ्ठं दिखस," ते म्हणाले. "मी काय आंधया शे का?" खरी गोष्ट अशी की त्यांच्या एका मामांचे डोळे फार जुन्या काळी ऑपरेशननंतर गेले होते. लहानपणी त्या मामांना हाताला धरून शेतावर न्यायचं काम यांच्याकडे असायचं. हजारो टन कोळसा पाठीशी घेऊन घाट उतरलेला हा माणूस एवढ्याशा चिरेला घाबरत होता, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्या विषयावर कुणीच बोलत नव्हतं. त्याऐवजी आम्ही सगळे कॅमेऱ्यावर बोलत होतो.

कॅमेरा त्यांच्या मुलीने पाठवलेला, नाशिकहून. खिशात मावणारा, पण अंगात मस्ती मोठ्या कॅमेऱ्याची. त्यात एक सोय अशी की फोटो साठवायच्या दोन तऱ्हा, जेपेगमध्ये काढा नाहीतर रॉमध्ये. साध्या माणसाने हे वाचून पुढचं पान उलटलं असतं. साडूभाऊ तिथे सिग्नल लाल असल्यासारखे उभेच राहिले. रॉ की जेपेग हे ठरल्याशिवाय एकही फोटो काढायचा नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. दिवस गेले, आंब्याचा मोसम आला आणि गेला, शेजारच्या पोराचं बारसं झालं, सातपुडा निळा झाला, जांभळा झाला, कॅमेरा मात्र टेबलावर पट्ट्याचं वेटोळं करून बसलेला. कोण घरी येईल त्याला चहाच्या आधी हा प्रश्न. दूधवाल्याने जेपेगला मत दिलं. गॅस सिलिंडरवाला विचार करून सांगतो म्हणाला आणि तेव्हापासून त्याने गल्ली बदलली.

साडूभाऊंचा स्वतःचा अभ्यास रेल्वेच्या भाषेत चालायचा. "रॉ म्हणजे मालगाडी," ते मला समजवायचे. "सगळा माल भरलेला, म्हणून जड आणि हळू. जेपेग म्हणजे पॅसेंजर. निम्मा माल स्टेशनावर टाकून हलकी होऊन पळते." एकदा त्यांनी शपथ मोडून चाचणी म्हणून भिंतीचे लागोपाठ रॉ फोटो काढले. कॅमेरा गुदमरून थांबला. मागची फाइल कार्डात जाईपर्यंत पुढचा फोटो घेईना. त्याचा त्यांना राग आला नाही, उलट आदर वाटला. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "पुढचा ब्लॉक रिकामा नाही. लाइन क्लिअर नसताना गाडी सोडायची नसते." मी सुचवलं की कॅमेऱ्यात दोन्ही एकदम काढायची सोय आहे, रॉही आणि जेपेगही, मिटवा एकदाचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मनमाडजवळ रूळ उखडताना सापडलो होतो. "एका रुळावर दोन गाड्या? तुम्ही बँकेत होता तेच बरं."

शेवटी ठरलं की धुळ्याला जायचं. तिथे त्यांच्या ओळखीचा एक लग्नाचे फोटो काढणारा आहे. निम्म्या धुळ्याची लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याला आधी विचारलं नाही म्हणून तो त्यांच्यावर रुसलेला आहे. त्याने आम्हाला स्टुडिओत बसवलं, मागच्या पडद्यावरच्या धबधब्यासमोर, आणि साडूभाऊंचं सगळं मालगाडीपुराण शांतपणे ऐकून घेतलं.

"नाना, सोपं सांगतो," तो साडूभाऊंना म्हणाला. "जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने करून दिलेलं भरीत. चांगलं असतं. पण तिखट जास्त पडलं तर तुम्ही ते काढू शकत नाही. रॉ म्हणजे नुसती वांगी. भाजायची, ठेचायची, तिखट घालायचं, सगळं नंतर तुमच्या हाती."

"नंतर म्हणजे रंगसुद्धा?"

"रंगच तर. फोटो काढताना पांढरा कोणता, पिवळा कोणता, हे नाही ठरलं तरी चालतं. आत सगळं असतं. नंतर केव्हाही नीट बघून ठरवायचं."

साडूभाऊंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांच्या चाळीस प्रश्नांची तयारी मी मनात करून आलो होतो. ते उठले, कॅमेरा खिशात घातला आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. पारोळा गेलं, एकाही गोष्टीचा रंग त्यांनी म्हटला नाही. रस्त्याकडेला कपाशी फुटली होती, कुणीतरी लाल पागोटं बांधून बैलगाडी हाकत होतं, हिरव्या रंगाची तर नुसती लूट चालली होती, आणि हा माणूस गप्प. मला भीती वाटायला लागली. एरंडोलला बस थांबली तशी मी त्यांना चहाला खाली उतरवलं.

चहाचा ग्लास हातात फिरवत ते म्हणाले, "नंतर म्हणजे किती नंतर?"

"फाइल काय, राहते वर्षानुवर्षं."

"फाइल राहील. बघणाऱ्याचं काय?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "असं बघा. डोळ्याला हात लावू द्यायचा नसेल, तर आपल्यासाठी जेपेगच बरा. कॅमेरा म्हणेल तो रंग, आपण मुकाट मान डोलवायची. रॉ काढायचा आणि नंतर बघायचं म्हणजे नंतर दिसायला पाहिजे. नाहीतर वांगी आणून ठेवायची आणि चुलीचा पत्ता नाही."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"तुम्ही असिस्टंट. तुम्ही फक्त परत म्हणायचं, ठरवायचं नाही." पण ते हसले, आणि बसच्या पायरीवर चढताना एरंडोल स्टँडवरच्या एका पाटीकडे हात करून हळूच म्हणाले, "निळी." ती खरंच निळी होती. मी पण म्हटलं, "निळी." कंडक्टर आमच्याकडे बघून पुढे सरकला.

त्या संध्याकाळी मी भुसावळलाच मुक्कामाला होतो. जेवायला बसल्यावर साडूभाऊंनी पहिला घास घेण्याआधी, सभेत ठराव मांडावा तसं, जाहीर केलं, "रॉ." बस, एवढंच. मी ताटावरून वर बघेपर्यंत अक्का उठल्या होत्या. ओला हात पदराला पुसत त्या फोनकडे गेल्या आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख विचारू लागल्या. बहुतेक लोकांना रॉ म्हणजे काय हे समजायला पुस्तकं लागतात. अक्कांना भाजी वाढता वाढता समजलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साडूभाऊंनी कॅमेरा घेऊन अख्खं घर धुंडाळलं. दार, तुळस, स्कूटर, समोरच्या रेल्वे क्वार्टरची पाण्याची टाकी. शेवटी अक्का ओसरीवर डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन त्यांची वाट बघत उभ्या होत्या, त्यांचाही एक काढला. "उन्हाकडे तोंड करा" वगैरे काही नाही, आहे तशा. मग कॅमेरा बंद केला, डोकं मागे टाकलं आणि मुकाट्याने औषध घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी आत जाताना माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर ऑपरेशन माझ्या हाताचं करावं लागेल असं मला वाटलं. आत गेले, आणि माझा चहा निवायच्या आत बाहेर आले. डॉक्टरांचा अर्धा वेळ त्यांना गप्प बसवण्यात गेला म्हणे. साडूभाऊंना इंजिनासारखी त्या यंत्राची पण माहिती हवी होती.

पट्टी निघाली तेव्हापासून जो हैदोस सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. उजवा डोळा झाला आहे, डावा अजून व्हायचा आहे. त्यामुळे ते एकेक डोळा झाकून जग तपासतात. "डाव्याने जेपेग, उजव्याने रॉ," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. बाथरूमच्या फरशीचा निळा बघून ते आतच इतका वेळ राहिले की अक्कांनी दार वाजवलं. स्वतःचे सगळे सदरे त्यांनी पलंगावर मांडले आणि आपण गेली काही वर्षं काय घालून लग्नांना गेलो ते पाहून पलंगाच्या काठावर बसून राहिले. रावेरच्या चुलतभावाला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "भाऊ, घड तर केव्हाच गेले दिल्लीले." डाव्या डोळ्याची तारीख आता ते स्वतः दर दोन दिवसांनी डॉक्टरांना विचारतात.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा ते लॅपटॉपसमोर बसले होते. मुलीने फोनवरून शिकवलेलं, रॉ कसा उघडायचा, रंग कसा हलवायचा. पडद्यावर अक्कांचा तो ओसरीवरचा फोटो होता. साडूभाऊ गंभीरपणे काम करत होते. कपाटातून फोटोतली ती जांभळी साडी आणून त्यांनी पडद्याला लावून पाहिली, जुळली. ओसरीच्या भिंतीचा पोपडा खरवडून आणला, जुळला. औषधाची बाटली जुळली. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांचं म्हणणं, पांढऱ्याचं काहीतरी चुकतंय. ते रंग पिवळ्याकडे नेत, की साडी मातकट होई. परत आणत, की पुन्हा तेच. डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला. मला पडद्यापाशी बोलावलं. मी पाहिलं. असिस्टंटला इथे बोलायची मुभा नव्हती.

मग त्यांनी हात मागे घेतला आणि पडद्याजवळ वाकले. खिडकीतून मालगाडीचा आवाज येत होता, लांबच लांब, आणि त्यांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही.

"अहो," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हळू आवाजात विचारलं. एरवी अक्का त्यांना 'अहो' म्हणतात; त्या दिवशी यांनी म्हटलं. "जरा या इकडे. फोटोत तुमचे केस सगळे पांढरे येताहेत. मी चुकतोय का कुठे?"

अक्का दारापर्यंत आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग साडूभाऊंकडे.

"रंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चला, भाकरी गार होतेय."